आधी प्लग लावू नका

जुना रेडिओ हाती आला की आपला हात आधी प्लगकडे जातो. लष्करी रेडिओच्या बाबतीत तेवढे करू नका.

ब्रिटिश ‘आर ११५५’ हा संच घ्या. दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बर विमानातला वायरलेस ऑपरेटर यावरच संदेश ऐके. १० व्हॉल्व्ह, ५ बँड, शिवाय संदेश कोणत्या दिशेने येतो हे दाखवण्याची सोय. युद्ध संपल्यावर हे संच इंग्लंडात स्वस्तात विकले गेले. हौशी लोकांनी दिशाशोधनाचे भाग उपटून तिथे पॉवर सप्लाय बसवला. त्यांना दोष काय द्यावा? घरात बसून दिशा कुणाला शोधायची होती! पण संच मुळासारखा करू पाहणारा आज तेच भाग शोधत फिरतो.

खरा शत्रू मात्र कागदी कंडेन्सर. वर्षानुवर्षे ओल शिरून त्यांतून वीज झिरपते. सुमारे २२० व्होल्ट एकदम दिले तर रेझिस्टर जळतात. म्हणून आधी कंडेन्सर बदलायचे, मग व्होल्टेज हळूहळू चढवायचे. काही जाणकार जुन्या डब्या पोखरून नवे कंडेन्सर आतच लपवतात. स्टेशन नीट लागले की ‘मॅजिक आय’मधली सावली मिटत येते.