दोन मेजवान्या

पदार्थांच्या जुन्या याद्या वाचायचा मला नाद आहे. ७ जून १८६७ रोजी पॅरिसच्या 'कॅफे आंग्ले'त जागतिक प्रदर्शनासाठी आलेले शाही पाहुणे जेवले: रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा युवराज आणि प्रशियाचा राजा विल्हेल्म. सोबत बिस्मार्क. १६ पदार्थ, ८ मद्यं, ८ तास! 'तीन सम्राटांचं भोजन' म्हणून ते गाजलं. खरं तर त्या रात्री सम्राट एकटा झारच होता.

मंडळी, सप्टेंबर १८७० मध्ये याच विल्हेल्मच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. वेढ्याच्या ९९व्या दिवशी, नाताळात, 'व्हाझँ' या बड्या रेस्टॉरंटच्या शोराँ नावाच्या आचाऱ्यानं मेनू छापला. हत्तीचं सूप, कांगारूचा रस्सा, भाजलेला उंट, भोवती उंदीर मांडलेलं मांजर! प्राणिसंग्रहालयातली जनावरं खाटकांकडे गेली होती. मद्यं मात्र जुनी, उंचीच.

हा मेनू लोक हसत सांगतात. मला हसू येत नाही. हत्ती पैसेवाल्यांसाठी होता. बाकीच्या बायाबापड्या कडाक्याच्या थंडीत घोड्याच्या मांसासाठी रांगा लावून उभ्या होत्या. त्यांच्या जेवणाचा मेनू कुणी छापला नाही.

पॅरिस उपाशी असतानाच, १८ जानेवारी १८७१ रोजी, जवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात विल्हेल्म सम्राट झाला.