लाल आल्याचा अर्क म्हणजे नेमके काय?

इंडोनेशियाच्या बाजारात आले तीन नावांनी मागतात. जाड, मोठ्या गड्ड्याचे ते ‘जाहे गजाह’. यातला गजाह म्हणजे आपला गजच. संस्कृतातून तो तिकडे गेला आणि तिथलाच झाला. लहान पांढऱ्या गाठींचे ‘जाहे एम्प्रित’. एम्प्रित हा चिमणीएवढा पक्षी. तिसरे ‘जाहे मेराह’, म्हणजे लाल आले. त्याच्या गाठी बारीक, साल तांबूस आणि चव पहिल्या दोघांपेक्षा जहाल. ‘जामू’ म्हणजे तिथल्या घरगुती औषधी पेयांची परंपरा. २०२३ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. जामूत औषध म्हणून मान मिळतो तो या लाल आल्याला. मलेशियात त्यालाच ‘हालिया बारा’ म्हणतात. हालिया म्हणजे आले आणि बारा म्हणजे धगधगता निखारा. रंग आणि तिखटपणा दोन्ही एका शब्दात आणणारे इतके नेमके नाव मला दुसरीकडे आढळलेले नाही.

या लाल आल्याच्या अर्काची आता प्रयोगशाळांत परीक्षा होते. तो जिवाणूंना रोखतो का, सूज उतरवतो का, रक्तातल्या साखरेवर त्याचा काही परिणाम होतो का, हे पाहिले जाते. बरेचसे काम अजून पेशींवर आणि उंदरांवरच झालेले आहे. मराठीत मात्र त्या सगळ्याचे ‘लाल आल्याचा अर्क’ या तीन शब्दांत काम भागते, आणि या तिन्ही शब्दांपाशी थोडे थांबायला हवे.

पहिली अडचण ‘लाल’ची. इंग्रजीत ज्याला ‘रेड जिंजर’ म्हणतात, ते पुष्कळदा आले नसतेच. ती असते अल्पिनिया पर्प्युराटा, पॅसिफिक बेटांकडची, लालभडक फुलोऱ्याची, बागेत आणि पुष्पगुच्छात शोभणारी वनस्पती. कूळ आल्याचे, पण झाड वेगळे. तिच्याही पानाफुलांचे अर्क तपासले गेले आहेत. नुसते ‘लाल आले’ लिहिले तर एकीचा गुण दुसरीच्या नावावर सहज जमा होतो. म्हणून शोधनिबंधात झिंजिबर ऑफिसिनाले, प्रकार रुब्रम, असे पूर्ण नाव लागते.

या झिंजिबरची वाट आपल्याच देशातून निघते. संस्कृतात आल्याला ‘शृंगवेर’ म्हणत. शिंगासारखा आकार म्हणून शृंग, असा अर्थ पंडितांनी लावला, आणि गड्डा पाहिला की तो पटतोही. पण अनेक भाषाशास्त्रज्ञ त्यामागे द्राविडी शब्द पाहतात: तमिळमधला ‘इंजि’ म्हणजे आले आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. पालीत ‘सिंगिवेर’, ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’, लॅटिनमध्ये ‘झिंगिबेर’, अरबीत ‘झंजबील’, असा तो व्यापाऱ्यांबरोबर फिरत गेला. इंग्रजी ‘जिंजर’ त्याचाच वंशज. मिरी आणि आले विकत घेणाऱ्यांनी माल नेला तसे नावही नेले.

मराठीने मात्र शृंगवेर ठेवले नाही. आपले ‘आले’ येते ‘आर्द्रक’वरून, म्हणजे ‘ओला’ या अर्थाच्या ‘आर्द्र’ शब्दावरून. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात आर्द्रची उल्ल, ओल्ल, अल्ल, अद्द अशी रूपे दिली आहेत. अल्लच्या वाटेने आपल्याकडे ‘आले’ आले, ओल्लच्या वाटेने ‘ओले’. हिंदीने ‘अदरक’मध्ये मूळचा द राखला. सुंठीचे नाव याच्या अगदी उलट: ‘शुण्ठी’, आणि शुण्ठ् या धातूचा अर्थच वाळणे, सुकणे. म्हणजे एकाच गड्ड्याला एक नाव ओलाव्यावरून आणि दुसरे कोरडेपणावरून. सातारच्या शेतातून निघते ते आले, आणि रामनवमीच्या सुंठवड्यात पडते ती सुंठ. इंग्रजीसारखे ‘वाळलेले आले’ असे आपण कधीच म्हणत नाही.

या फरकाला रसायनशास्त्राने फार पुढे दुजोरा दिला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः ‘जिंजेरॉल’चा. आले वाळताना आणि त्याला उष्णता लागताना जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि तयार होते ते ‘शोगाओल’, जे जास्त तिखट असते. या नावातला ‘शोगा’ म्हणजे जपानी भाषेतले आले. ताज्या आल्यात शोगाओल नावापुरते, सुंठीत भरपूर. म्हणजे आले आणि सुंठ ही रसायनाच्या हिशेबानेही दोन वेगळी द्रव्ये आहेत.

आता ‘अर्क’. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचे झाडही. औषधाचा अर्क मात्र बहुधा अरबी ‘अरक’शी जोडला जातो. अरक म्हणजे घाम, आणि त्यावरून भांड्यातून थेंबथेंब पाझरणारे ऊर्ध्वपातित पाणी. खरा अर्क असा वाफेवर काढतात. पण आल्यातले जिंजेरॉल वाफेबरोबर वर येत नाही. वर येते ते सुगंधी तेल. आल्याच्या अशा अर्काला वास येईल, तिखटपणा जवळजवळ येणार नाही. प्रयोगशाळेत जे वापरतात ते बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये भिजवून ओढून घेतलेले द्रव्य असते, आणि त्यात तिखट भाग उतरतो. पाण्यात उकळले तर तो काढा, आणि त्याचा गुण आणखी वेगळा. मराठीत वाफेवर काढलेल्यासाठी ‘अर्क’ आणि अल्कोहोलमध्ये काढलेल्यासाठी ‘निष्कर्षण’ वापरावे असे मला वाटते. निदान ‘अल्कोहोलमधला अर्क’ एवढे तरी लिहावेच.

आणि एक म्हण औषधांच्या चाचण्यांच्या अगदी गाभ्याशी जाते: सुंठीवाचून खोकला गेला. खोकला आपोआपही जातो, हे लोकांना ठाऊक होते. म्हणून तर चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण गुणहीन गोळी देतात. आल्याच्या बाबतीत हे अवघड, कारण जिभेला फसवता येत नाही. म्हणून पूड कॅप्सूलमध्ये भरावी लागते. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो याला माणसांवरच्या चाचण्यांचा बऱ्यापैकी आधार आहे. पण त्यांतल्या बहुतेक चाचण्यांत वाळवलेल्या आल्याची पूड दिली होती, दिवसाला साधारण १ ग्रॅम. मराठीत सांगायचे तर ती परीक्षा सुंठीची होती, लाल आल्याचीही नव्हे आणि ओल्या आल्याचीही नव्हे.