इंपिंग्टन व्हिलेज कॉलेज

इंग्लंडच्या केंब्रिजशर परगण्यातील एक माध्यमिक विद्यालय व लोकशिक्षणकेंद्र. शालागृहाची रचना ग्रामजीवनाशी निगडित करण्याच्या प्रयोगांत या वास्तूला महत्त्वाचे स्थान आहे.

पहिल्या महायुद्धानंतर या परगण्यातील ग्रामशाळा लहान व साधनहीन होत्या. शेतीतील मंदीमुळे होतकरू मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी शहरांकडे वळत आणि खेडी निस्तेज होत. परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्‍री मॉरिस (१८८९–१९६१) यांनी १९२४ मध्ये यावर एक योजना मांडली. काही खेड्यांच्या गटासाठी एक मध्यवर्ती विद्यालय उभारावे आणि तेथेच ग्रंथालय, सभागृह, कार्यशाळा व प्रौढांचे वर्ग असावेत, असा तिचा आशय होता. शाळा सुटली, की शिक्षण संपले, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. अशी पहिली संस्था सॉस्टन येथे १९३० मध्ये सुरू झाली; बॉटिशॅम व लिंटन येथील संस्था १९३७ मध्ये निघाल्या.

इंपिंग्टनचा आराखडा बौहाउसचे संस्थापक व्हाल्टर ग्रोपिअस आणि इंग्रज वास्तुशिल्पज्ञ मॅक्सवेल फ्राय यांनी तयार केला. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ग्रोपिअस १९३४ मध्ये इंग्लंडला आले होते. त्यांचे मानधन परगण्याला परवडणारे नसल्याने ते देणग्यांतून उभारावे लागले. १९३७ मध्ये ते अमेरिकेस गेल्यावर बांधकामाची देखरेख फ्राय यांनी केली. १९३९ मध्ये इमारत पूर्ण झाली.

सभागृह, वर्गखोल्या व प्रौढांचा विभाग एका प्रशस्त मार्गिकेने जोडलेले आहेत. त्यामुळे मुले व ग्रामस्थ यांचा वावर एकाच जागेतून होतो. वर्गांच्या मोठ्या खिडक्या हिरवळीच्या बाजूस उघडतात. डब्ल्यू. एच्. किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रतिपादिलेल्या प्रकल्प पद्धतीसाठी ही वास्तू बांधलेली नव्हती. तथापि कार्यशाळा, ग्रंथालय व मोकळी जागा वर्गांलगत असल्याने कृतीतून शिकण्यास ती अनुकूल ठरली. हेन्‍री मुर यांचे कुटुंबविषयक शिल्प येथे बसविण्याचा विचार मात्र निधीअभावी मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लेस्टरशरसारख्या परगण्यांतील समाजकेंद्री विद्यालयांना या योजनेपासून प्रेरणा मिळाली. फ्राय यांनी पुढे चंडीगढच्या उभारणीत भाग घेतला. विद्यार्थिसंख्या वाढल्याने मूळ इमारतीस अनेक जोड द्यावे लागले. मूळ वास्तू पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू असून तीत आजही विद्यालय चालते.