१९७१ची विक्रांत आणि हातभर समुद्र : युद्धनौकेचा डायोरामा कसा बनतो, कुठे चुकतो?

काचेच्या पेटीत हातभर लांबीची युद्धनौका, खाली निळा समुद्र, डेकवर बोटाच्या पेराएवढी विमानं. खाली पाटी, ‘आयएनएस विक्रांत, डिसेंबर १९७१’. सगळं झकास दिसतं. पण नौकेचा पुढचा डेक उतारासारखा वर उचललेला असेल, तर ती ७१ची विक्रांत नाहीच.

डेकच्या त्या उताराला म्हणतात स्की जम्प. विक्रांतवर तो बसला १९८०च्या दशकाच्या अखेरीस, सी हॅरियर विमानांसाठी. ७१मध्ये तिचा डेक सपाट होता आणि सी हॉक, अलिझे ही विमानं वाफेवर चालणाऱ्या कॅटापल्टने, म्हणजे मोठ्या गलोलीसारख्या यंत्रणेने, हवेत फेकली जायची.

मग चूक का होते?

कारण विक्रांत आता नाही. ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात आली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये तोडायला काढली गेली. मुंबईकरांनी तिचे फोटो काढले ते याच संग्रहालयाच्या काळात, म्हणजे स्की जम्पसकट. त्यात २०२२ मध्ये त्याच नावाची नवी विक्रांत आली, तिलाही स्की जम्प आहे. नेटवर नाव टाकलं की सगळे फोटो एकत्रच समोर येतात.

म्हणून पहिला नियम सोपा आहे : नौका नाही, तारीख निवडायची. मग फक्त त्या काळातलेच फोटो वापरायचे.

आकाराचं गणित

विक्रांतची लांबी साधारण २१३ मीटर. १:३५० या स्केलमध्ये ती ६१ सेंटीमीटर होते, १:७०० मध्ये साडेतीस. १:३५० मध्ये सी हॉक विमान साडेतीन सेंटीमीटरचं आणि डेकवरचा खलाशी जेमतेम ५ मिलिमीटरचा.

लाटेलाही हेच गणित लागू होतं. दीड मीटरची लाट या स्केलवर फक्त ४ मिलिमीटर उंच होते. नवखे लोक इथेच फसतात. लाटा बोटभर उंच करतात आणि २१३ मीटरची विमानवाहू नौका वादळात सापडलेल्या होडीसारखी दिसायला लागते.

समुद्र कसा करतात?

- पाया : एमडीएफचा बोर्ड, त्यावर घट्ट फोमची शीट. साधा थर्माकोल कापताना दाणे सुटतात. स्प्रे पेंटमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल आणि फोम दोन्ही विरघळतात, म्हणून रंग पाण्यात मिसळणारेच घ्यायचे.
- खाच : नौकेच्या आकाराची खाच कापून ती पाण्याच्या रेषेपर्यंत आत बसवायची. नुसती वर ठेवली तर टेबलावर ठेवल्यासारखी दिसते.
- लाटा : फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून टिश्यू पेपर चिकटवायचा आणि ओला असतानाच ब्रशने चुण्या पाडायच्या.
- रंग : चित्तगावजवळचं पाणी नद्यांच्या गाळाने मातकट असतं. विमानवाहू नौका मात्र किनाऱ्यापासून दूर राहते, म्हणून इथे गडद निळा-हिरवा रंग. वर चकचकीत व्हार्निशचे दोन-तीन हात.
- फेस : पांढरा रंग आणि पिंजलेल्या कापसाचे अगदी बारीक धागे. जास्त कापूस म्हणजे बर्फ.

डोलकाठ्या, अँटेना, कठडे सगळ्यात शेवटी लावायचे. समुद्राचं काम करताना हाच भाग आधी मोडतो.

नौकेचा वेग लाटांवरून कळतो

नौका चालते तेव्हा मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखा पट्टा उमटतो. खोल पाण्यात त्याचा कोन प्रत्येक बाजूला साधारण साडेएकोणीस अंश असतो आणि वेग बदलला तरी तो सहसा बदलत नाही. हे गणित १९व्या शतकात लॉर्ड केल्विन यांनी मांडलं.

बदलतं ते लाटांमधलं अंतर. १४ नॉट वेगाला, म्हणजे ताशी साधारण २६ किलोमीटरला, नौकेच्या सोबत पळणाऱ्या दोन लाटांत सुमारे ३३ मीटर अंतर पडतं. २४ नॉटला तेच जवळपास ९८ मीटर होतं. मॉडेलवर हे अनुक्रमे साडेनऊ आणि २८ सेंटीमीटर. म्हणजे मंद विक्रांतच्या बाजूने सहा-एक लाटा बसतात, वेगवान विक्रांतच्या बाजूने जेमतेम दोन.

७१च्या विक्रांतसाठी हे महत्त्वाचं आहे. युद्धाआधी तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तशाच अवस्थेत ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार, चित्तगाववर हल्ले केले. अशा नौकेसमोर फेसाचा डोंगर उभा केला, तर तिची खरी अडचणच पुसली जाते.

वारा कुठून येतो?

विमान उडवताना नौका तोंड वाऱ्याकडे करते, कारण नौकेचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाला उचलून धरते. वेग कमी असेल तेव्हा तर वाऱ्याची प्रत्येक झुळूक मोलाची. म्हणून कॅटापल्टवर सी हॉक तयार ठेवला असेल, तर झेंडा मागे फडकला पाहिजे, धूर मागे गेला पाहिजे आणि वाऱ्याच्या बारीक लाटा समोरून आल्या पाहिजेत. झेंडा एका दिशेला आणि लाटा दुसऱ्या दिशेला, हे बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण खटकतं.

मूळ नौका जाऊन आता मोजायची सोय उरलेली नाही. ७१ची विक्रांत ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी पाटीवरची तारीख, सपाट डेक आणि बेताच्या लाटा एवढाच पुरावा समोर असतो. म्हणून मॉडेल कापायला घेण्याआधी जुने फोटो नीट लावून घेण्यात एक आठवडा गेला, तरी तो वाया जात नाही.