ओवींतून आलेली शास्त्रवाणी

ताडकळसच्या परिसरांत ओवी कोणास शिकवावी लागत नाहीं. गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यांतली. त्याच ओवींत एका इंग्रज धर्मगुरूनें आपल्या तारणाची कथा गाइली, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि साष्टींत राहून मराठी शिकले. तेथील एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें त्यांस विचारिलें कीं, जुनीं पुराणें वर्ज्य केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं? मागणें रास्तच होतें! त्याचें उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापिला गेला.

पहिल्या पुराणांत जुना करार, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. आदाम पडतो, तरी देव तारणाऱ्याचें वचन देतो. इस्राएल वारंवार बहकतें, तरी देव तें वचन मोडीत नाहीं. आमची पात्रता पाहून केलेलें हें प्रेम नव्हे. कित्येक भाविक शास्त्र मधेंच उघडून, बोट पडेल त्या ओळींत शकुनाप्रमाणें देवाची इच्छा शोधितात. फादर स्टीफन्स सबंध कथा ऐकवितात, कारण जो आपणांवर प्रेम करितो त्याचा स्वभाव ओळखल्यावांचून त्याची इच्छा कशी उमगावी?

१६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांत लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढिला. त्यामागें कांहीं धर्मगुरूही होते, हें खेदानें लिहावें लागतें. पण हस्तलिखितें घरोघर जपलेलीं होतीं. त्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापिला गेला, आणि १९५६ सालीं पुण्यास तो देवनागरींत निघाला.