रेशीमकिड्याच्या पोटातली गोळी

दाढ काढली की दातांचे डॉक्टर सुजेवर म्हणून जी गोळी लिहून देतात, तिच्यात बऱ्याचदा सेराशिओपेप्टिडेज असतं. प्रथिनं तोडणाऱ्या या विकराचं कुळ शोधत गेलं तर इटलीत पोचतो. १८१९ साली पादुआजवळच्या लेन्यारो गावात पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या घाट्यावर, रक्तासारखे डाग उमटू लागले. गावाला वाटलं भुताटकी. बार्तोलोमेओ बिझिओने ती करणी सूक्ष्मजीवाची असल्याचं दाखवलं आणि सेराफिनो सेराती या शास्त्रज्ञावरून त्याला सेराशिया नाव दिलं. आगबोटीचं श्रेय सेरातीला मिळालं नाही, अशी बिझिओची तक्रार होती. भरपाई म्हणून काय मिळालं, तर एक जंतू!

पुढे जपानमध्ये १९६०च्या दशकात याच जंतूचा ई-१५ हा वाण रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडला. त्याच्यापासून विकर वेगळं काढलं, ताकेदा कंपनीने ते ‘डॅन्झेन’ नावाने विकलं. रेशमाचा पतंग याच विकराने कोश फोडतो, असं जाहिरातींत हटकून सांगतात. गोष्ट झकास, पण चुकीची. पतंग त्यासाठी स्वतःच्या शरीरात कोकूनेज नावाचं वेगळंच विकर बनवतो.

डॅन्झेनची नव्याने चाचणी झाली तेव्हा बिनऔषधी गोळीपेक्षा तिचा जास्त गुण दिसेना. २०११ साली ताकेदाने ती बाजारातून काढून घेतली. आपल्याकडे मात्र डायक्लोफेनॅकच्या जोडीने हे औषध खपतच राहिलं.

मग कोविड आला. ताप उतरला तरी महिनोन्‌महिने थकवा जाईना. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठातल्या एथरेशिया प्रिटोरियस यांच्या गटाने २०२१मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात सहजी न विरघळणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या दिसल्याचं मांडलं. गुठळीचा सांगाडा फायब्रिन या प्रथिनाचा. मग प्रथिन तोडणारं काहीतरी घेऊन बघू, हा विचार ओघानेच आला. सेराशिओपेप्टिडेजला नवं गिऱ्हाईक मिळालं आणि सोबतीला नॅटोकायनेज आलं. हे विकर जपानी नात्तोतलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनमधलं. हिरोयुकी सुमी यांनी १९८७ साली त्याचं वर्णन केलं होतं. २०२२मध्ये जपानी संशोधकांनी ते विषाणूच्या काटेरी प्रथिनाचेही तुकडे करतं असं दाखवलं, पण प्रयोगशाळेत.

काचेच्या बशीत विकर थेट प्रथिनाला भिडतं. गिळलेल्या विकराला आधी जठरातलं आम्ल चुकवावं लागतं, म्हणून गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण चढवतात. तिथून एवढा मोठा रेणू रक्तात कितीसा उतरणार? आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसात तो खरोखर उतरला, तर रक्तस्रावाची भीती वाढते.