शाळेच्या पुस्तकावर आक्षेप असेल तर पालकांनी काय करायचं?

भांडगाव : पुस्तकाच्या एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि पारावर चर्चा पेटते. जुलै 2020 मध्ये आठवीच्या मराठी पुस्तकाचं असंच झालं. यदुनाथ थत्ते यांच्या पाठात फाशी गेलेल्यांमध्ये भगतसिंग, राजगुरू यांच्यासोबत कुर्बान हुसेन हे नाव होतं, सुखदेव यांचं नव्हतं. सुखदेव काढून दुसरंच नाव घुसवलं, असा आरोप झाला.

तर कुर्बान हुसेन सोलापूरचे. मे 1930 मध्ये तिथं मार्शल लॉ लागला. पुढं मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवडा तुरुंगात फाशी दिली. म्हणजे भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्या दोन महिने आधी. आपल्या गावावरून जाणारा हायवे सोलापूरलाच जातो, पण हे नाव किती जणांना माहीत होतं? पाठ लिहिणारे थत्ते तर 1998 सालीच वारले. तरी सुखदेव यांचं नाव हवं होतं, हे म्हणणं काही चुकीचं नाही. लाहोरला तिघं एकत्रच फासावर गेले.

दरवेळी पालकच चुकतात असंही नाही. 2017 मध्ये बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात, मुलगी कुरूप किंवा अपंग असली की जादा हुंडा मागतात, असं हुंड्याचं कारण दिलेलं निघालं. कॉलेजच्या पोरींनी हे पाठ करायचं? तिथं ओरड झाली ते बरंच झालं.

आता करायचं काय? आधी पूर्ण पाठ वाचा. बालभारतीच्या वेबसाईटवर पुस्तकं फुकट आहेत, मोबाईलवर उघडतात. मग गुरुजींशी बोला, पण त्यांच्या अंगावर जाऊ नका. पाठ्यपुस्तक बदलायचा अधिकार त्यांना नाही. आठवीपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडता येतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती बहुतेक ठिकाणी कागदावरच असते, ते सोडा. वाचनालयातलं पुस्तक असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा.

पाठ्यपुस्तकाची तक्रार पुण्यात सेनापती बापट रोडवर बालभारतीकडे लेखी द्यावी. इयत्ता, विषय, छापल्याचं वर्ष, पान नंबर, नेमकं वाक्य आणि ते का चूक आहे याचा पुरावा लिहा. पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्जाचं काय झालं ते विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.